रुसक्या बदकांची गोधडी

माझ्या धाकट्या बहिणीबद्दल सगळे चांगलंच बोलतात, त्यामुळे खरं काय ते सांगायचं काम माझ्यावर येतं.

पहिली गोष्ट म्हणजे तिला आयुष्यात काही मागावं लागलं नाही. मोठीचे कपडे धाकटीला होतात, हे सगळ्या घरांत चालतं. आमच्याकडे ही भराभर उंच झाली, मी होते तेवढीच राहिले, आणि तिला आखूड झालेले फ्रॉक मी घातले. तेही खालून दुमडून, कारण मला ते लांबच व्हायचे. गालाला खळी तिच्या. वर्गात बाई रागावल्या की ही हसायची आणि बाईही हसायच्या. मी हसले की मला बाहेर उभं करायच्या. नवरासुद्धा असा मिळाला की तिला विचारल्याशिवाय छत्री विकत घेत नाही. माझा नवरा वाईट आहे असं नाही, पण त्याने मला आजवर एकच प्रश्न विचारलाय, तो म्हणजे चष्मा कुठे आहे.

शिवण आम्ही दोघी एकाच बाईंकडे शिकलो. माझा टाका बारीक, सरळ, मागून बघितलं तरी पुढच्यासारखा. हिचं सगळं घाईत. बाही उलटी लावायची, खिसा बंद शिवून टाकायचा, आणि मग ते बोचकं माझ्या मांडीवर आणून आदळायचं. "ताई, उसव ना. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही." मी उसवून द्यायचे, ती परत शिवायची, आणि आलेल्या पाहुण्यांना आमची आई तिचं शिवण दाखवायची. उसवलेलं काही कुणाला दाखवता येत नाही.

पुढे मी एका शिंप्याकडची काजं-बटणं घरी आणून करायला लागले. ती कपड्यांच्या कारखान्यात लागली, तिथे भरतकामाच्या मशीनवर बसली, आणि कारखाना बंद पडला तेव्हा ते मशीनच घरी घेऊन आली. रस्त्याकडच्या खोलीत दुकान थाटलं. एका बाजूला सायकलवाला, दुसऱ्या बाजूला चाव्या करून देणारा. मशीनवर करायचं काय, तर चौकटीत कापड ताणून बसवायचं, छोट्या पडद्यावर चित्र निवडायचं आणि बटण दाबायचं. चौकट आपोआप पुढेमागे सरकते, सुई जागच्या जागी नाचते, आणि शाळेचा बिल्ला म्हणा, टोपीवरचं नाव म्हणा, हवं ते उमटतं. ही तोवर चहा पिते. गिऱ्हाईकं म्हणतात, "काय सुंदर हात आहे हो तुमचा!" कुठला हात? हातात तर बशी असते.

तिला मूल झालं नाही. त्यावर ती कधी बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही. पण माझी एकुलती एक लेक शाळा सुटली की घराच्या आधी मावशीचं दुकान गाठायची. रंगीत रिळं मांडून तिथेच खेळायची, तिथेच खायची, वेणीसुद्धा तिच्याकडूनच घालून घ्यायची. घरी यायची ती भरल्या पोटाने, आणि तोंडात सारखं मावशी असं म्हणाली नि मावशी तसं म्हणाली. माझ्या अंगाचा तेव्हाही तिळपापड व्हायचा आणि अजूनही होतो. उगाच खोटं कशाला बोलू?

यंदा लेकीला दिवस गेले. बातमी तिने आधी मला सांगितली, एवढं मान्य करते. फोन ठेवला आणि मी कपाट उघडून जुन्या, मऊ पडलेल्या चादरी बाहेर काढल्या. मनात गोधडी शिवूनही झाली होती. पहिल्या नातवंडाची गोधडी आजीने करायची नाही तर आजी म्हणवून घ्यायचं कशाला? चादरी धुऊन वाळत घातल्या, तोच तिचा पुन्हा फोन.

"आई, गोधडीचं मी मावशीला सांगितलंय हं. मशीनवर भरतकाम करता करताच शिवून काढणार आहे ती. तू बोटांना त्रास देऊ नकोस."

माझी बोटं सकाळी सुजतात, सांधे धरतात, हे खरं आहे. पण सकाळीच. दुपारी मी शर्टाची काजं करतेच की. "बरं झालं, सुटले मी," म्हटलं, फोन ठेवला आणि चष्म्यावरून नवऱ्याशी कडाकडा भांडले.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज दुकानात जायला लागले. मदतीला, असं सांगायचे. जायचे ते चुका काढायला. पण त्या गोधडीकडे बघायचंच नाही, असंही मी ठरवलं होतं. म्हणून मशीनकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसायचे आणि न बघताच चुका काढायचे.

"एवढं भरलंस तर पुठ्ठा होईल त्याचा."

"टाके विरळ ठेवलेत, ताई."

"आणि खाली तो कागद लावतेस तो? पोर हललं की कुरकुर वाजायचा."

"पाण्यात विरघळतो तो. धुतली की गेला. एकदा हात तर लावून बघ."

"माझे हात खराब आहेत," मी म्हणायचे.

यावर ती हसायची. माझ्या बोलण्याचा तिला राग येत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दोष आहे.

गोधडी कशी होतेय ते मला तिच्या बडबडीतूनच कळत होतं, कारण तोंड बंद ठेवून काम करायची तिला सवय नाही. वर पिवळं सुती कापड, मध्ये कापसाचा पातळ थर, खाली मऊ पांढरं अस्तर. तिन्ही एकदम चौकटीत ताणायचे. चित्र भरतानाच थर एकमेकांना शिवले जातात. एक चौकोन झाला की चौकट सोडवून पुढच्या चौकोनावर बसवायची, आणि उरलेली गोधडी गुंडाळून मशीनच्या बाजूला सांभाळून धरायची. धरायची, हे महत्त्वाचं.

लेक दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होती आणि एकच चौकोन राहिला होता, कोपऱ्यातला. धाकटीने बटण दाबलं आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारत उभी राहिली. मी नेहमीसारखी पाठ करून बसले होते. तेवढ्यात मशीनचा आवाज जड झाला. सुई किती थरांतून जातेय ते मला आवाजावरून कळतं, आणि ही तिनातून जात नव्हती.

"थांबव!" मी ओरडले. ती वळेपर्यंत मी उठले होते. मला त्यातली बटणं कळत नाहीत, म्हणून मी सरळ प्लग उपटला.

चौकट उलटी केली तर काय, गुंडाळलेल्या गोधडीची कड घसरून चौकटीखाली गेली होती आणि मशीनने तीही इमानेइतबारे शिवून टाकली होती. गोधडी स्वतःलाच शिवली गेली होती. धाकटी मटकन स्टुलावर बसली. हसली नाही.

"ताई," ती म्हणाली. पुढे काही बोललीच नाही, पण ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय.

"आण इकडे," मी म्हटलं. "खिसा बंद शिवायची सवय अजून गेली नाही तुझी."

मशीनचं भरतकाम उसवताना अस्तराच्या बाजूने सुरुवात करावी लागते. खालचा दोरा ब्लेडच्या टोकाने एकेका टाक्याला तोडायचा, म्हणजे वरचा आपण होऊन सुटतो. घाई केली की कापड गेलंच. बराच वेळ मी नुसते पांढरे टाके तोडत होते. अडकलेली कड सुटली तेव्हा कापड सुलटं केलं, आणि त्या गोधडीकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

बदकं होती. प्रत्येक चौकोनात एक, निळ्या दोऱ्याचं. आणि प्रत्येकाचा डोळा चुकला होता. पार खाली, चोचीला टेकलेला, त्यामुळे सगळी बदकं रुसल्यासारखी दिसत होती.

ते बदक माझं होतं. लेक नुकती बोलायला लागली तेव्हा तिच्या फ्रॉकवर मी हाताने भरलेलं. डोळा घालायच्या वेळी ती पाटावरून पडली, मी धावले, परत येऊन घाईत सुई टोचली आणि डोळा खाली गेला. मी उसवायला बसले तर तिने भोकाड पसरलं. "लुसकं बदक" तिला तसंच हवं होतं. माझ्या हातची न उसवलेली तेवढी एकच चूक असेल.

"तो फ्रॉक तर माझ्या कपाटात आहे," मी म्हटलं.

"होता," धाकटी म्हणाली. "मागच्या वेळी आली तेव्हा घेऊन आली ती. आईचं रुसकं बदक पाहिजे, दुसरं काही नको, म्हणे. कॉम्प्युटरवर उतरवताना मी डोळा जरा वर घेतला, बरा दिसावा म्हणून. तिने चित्र परत पाठवलं. म्हणाली, मावशी, हे आईचं नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण आधी आला तो राग. माझं बदक, माझी चूक, आणि हिच्या मशीनवर ती किती देखणी उतरली होती! टाक्याला टाका सारखा. माझी चूकसुद्धा हिने माझ्यापेक्षा चांगली केली होती.

कोपऱ्यातल्या चौकोनात आता नुसती भोकं राहिली होती. धाकटीने सांगितलं, चौकट पुन्हा बसवली तरी सुई नेमकी त्याच भोकांत पडत नाही, केसभर सरकली तरी दुहेरी कडा दिसतात. एवढं सांगून ती माझ्या बोटांकडे बघत राहिली.

"काय बघतेस? दुपार झालीये," मी म्हटलं. "दे सुई."

जुन्या भोकांमधूनच टाका घेत गेले. ती समोर बसून मला दोरा ओवून देत होती, आणि चक्क गप्प होती. डोळ्यापाशी आले. इतक्या वर्षांनी तो नीट जागी घालायची संधी आली होती. मी तो चोचीपाशीच घातला. चूक मुद्दाम करायची म्हटली की हात ऐकत नाही, दोनदा सुई वरच जायला लागली.

"अजून जरा खाली," धाकटी म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

झाल्या घोळाबद्दल लेकीला काही सांगायचं नाही, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं. गोधडी धुतली, कागद विरघळला, आणि दुसऱ्या दिवशी लेक पोट सावरत दुकानात आली तेव्हा ती घडी घालून तयार होती.

लेकीने ती टेबलावर पसरली. "मावशी! कसली गोड झालीये गं!" ती एकेका बदकावरून बोट फिरवत गेली, मग गोधडी उलटी करून अस्तरावरून तळवा फिरवायला लागली. कोपऱ्यात तो थांबला.

"हे आईने केलंय."

धाकटी उगाचच रिळं आवरायला लागली.

"बाकी सगळ्यांच्या मागे पांढरा दोरा आहे. हे मागूनही निळं आहे, पुढच्यासारखंच," ती म्हणाली. तो कोपरा तिने उचलून पोटाशी धरला. "बाळाचं डोकं ह्या बाजूला ठेवायचं."

मी विजयी मुद्रेने धाकटीकडे बघितलं. ती हसत होती. खळी जागेवर होती, पण नजर त्या कोपऱ्यावर खिळली होती. ते बघणं मी ओळखते. जन्मभर मी तिच्याकडे तसंच बघत आलेय. तिच्या चेहऱ्यावर मात्र ते मला बघवेना, आणि मी लेकीला बोलून गेले, "एका बदकाचं काय घेऊन बसलीस? कापड तिने निवडलं, चित्र तिने उतरवलं, इतके दिवस तीच राबली. असं काम माझ्याच्याने झालं नसतं."

धाकटीने उठून माझ्या कपाळाला हात लावला, ताप आहे का बघायला.

आणि लेक उठली आणि मावशीच्या गळ्यात पडली. किती तरी वेळ सोडेचना तिला. मी आपली गोधडीचं टोक हातात धरून तिथेच उभी. म्हणूनच मी कधी कुणाचं कौतुक करत नाही.