हात जोडून मोकळा

दारूच्या वासाची मला लहानपणापासून शिसारी आहे. पण कोर्टात त्या दिवशी त्याहून जास्त किळस आली, ती माझ्या भावाच्या जोडलेल्या हातांची.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझा थोरला भाऊ तळेघर ते घोडेगाव जीप चालवायचा. दारूला त्याने कधी तोंड लावलं नव्हतं. एसटीत ड्रायव्हर व्हायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. एसटी समोरून आली की जीप पार कडेला घेऊन तो तिच्या ड्रायव्हरला सलाम ठोकायचा.

एका दुपारी आमचा चुलता त्याच्या शेजारी येऊन बसला. आधीच टाकून आलेला, वर हातात उघडी बाटली. वळणावर ती कलंडली आणि सगळी दादाच्या शर्टावर सांडली. पुढे नाकाबंदी लागली. पोलिसाला वास आला, त्याने दादाला सरकारी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने लांबूनच नाक मुरडलं आणि दारू प्यायल्याचं लिहून दिलं. रक्त घेतलं नाही, काही नाही. ज्याने खरी ढोसली होती तो बाहेर बाकावर आ वासून घोरत होता.

मी तेव्हा शाळेत शिकवत होते. धावतपळत एक वकील गाठला. तो म्हणाला, नुसत्या वासावर गुन्हा सिद्ध होत नाही; रक्त तपासलेलं नाही, फुंकायचं यंत्र लावलेलं नाही, डॉक्टरला मी उलटे प्रश्न विचारीन. नाकबूल म्हणायचा आरोपीला हक्कच आहे. तेवढा एक शब्द मी दादाकडून पुन्हा पुन्हा घोकून घेतला.

पण आमच्याकडे भांडण गावकीपुढे जातं. तिथे चूक कुणाची हे कुणी फार उकरत नाही. एकाने हात जोडायचे, सगळ्यांनी चहा प्यायचा, विषय संपला. मोठेपणा उलट हात जोडणाऱ्यालाच मिळतो. तारखेला चुलता कोर्टात हजर झाला, तोंडाला तोच घाणेरडा वास. दादाच्या कानाशी लागून म्हणाला, "कबूल कर, हात जोड न् मोकळा हो. सायबाशी वाद घालू नाय."

पुकारा झाला. वकील बोलायला उठेपर्यंत आमच्या शहाण्याने न्यायाधीशांपुढे हात जोडलेसुद्धा. प्यायला होतास का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

"व्हय सायेब, चुकलं."

वकिलाने कपाळाला हात लावला. दंड भरून दादा बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं. चुलत्याने त्याची पाठ थोपटली.

काही वर्षांनी एसटीची भरती निघाली. दादा गाडी चालवून दाखवण्यात पास झाला. मग पोलीस पडताळणी झाली आणि ती कबुली निघाली. गावकीने कधीच विसरली असती, पण कोर्टाने जपून ठेवली होती. दारू पिऊन गाडी चालवणारा एसटीने का घ्यावा?

दादा घरी येऊन ओट्यावर बसला. चुलता तिथेच होता, नेहमीसारखा झिंगलेला. सगळं ऐकून घेऊन त्याने अगदी काळजीने विचारलं, "मंग त्या एसटीच्या सायबाला हात नाय का जोडलं?"

"जोडलं की," दादा म्हणाला.