गणेशपुरीचे गरम पाणी

"कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले, आणि मी विचारले, "कोणाला?" बायको शेजारीच बसली होती. सुशीलाच्या छातीत आवळ्याएवढी गाठ, तीही न दुखणारी. न दुखणाऱ्या गाठीने माणूस मरू शकतो, हे मला ठाऊकच नव्हते.

मुंबईत ऑपरेशन झाले. मग रेडिएशन, म्हणजे यंत्राच्या किरणांनी उरलासुरला रोग जाळायचा. किरण नेमके पडावेत म्हणून छातीवर जांभळ्या शाईने रेघा आखल्या. तिथे पाणी लावायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले.

तिसऱ्या आठवड्यात कातडी काळी पडून भगभगू लागली. आमच्याकडे अंगाला काही उठले की गणेशपुरीच्या गरम कुंडात आंघोळ करतात. सुट्टीच्या दिवशी मी तिला एसटीने तिथे नेले.

"डाक्टर पानी नको बोललेत," ती म्हणाली.

"ह्ये काय नळाचं पानी हाय? औषध हाय ह्ये!" मी भिवंडीत कापडाच्या लूमवरचा जॉबर, बिघडलेले यंत्र दुरुस्त करणारा. मला सगळेच कळते, अशी माझी समजूत.

ती बाहेर आली ती थरथरत. कातडी सोलली होती, रेघा गेल्या होत्या.

तिथे माती-पाण्याचे निसर्गोपचार करणारे एक गुरुजी राहत. धावत त्यांच्याकडे गेलो. वाटले, मातीचा लेप देतील. त्यांनी हातही लावला नाही.

"माझ्या मातीनं कॅन्सर जात नाही. उद्या पहिल्या गाडीनं डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा."

मातीवाल्यानेच असे म्हणावे? ताकद टिकावी म्हणून त्यांनी मुगाचे कढण, ताक, सकाळचे चालणे आणि एक उपास चिठ्ठीवर लिहून दिला. "हेही त्यांना दाखवा."

डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "जखम भरेपर्यंत किरण बंद," ते म्हणाले. चिठ्ठीतला उपास खोडून बाकीचे चालेल म्हणाले.

बारा दिवस उपचार थांबले. रोज मी तिचा चेहरा न्याहाळायचो. तिचा रोग आत वाढत असेल तर तो मीच वाढवला, हा विचार घास उतरू देत नव्हता.

जखम भरली, बोलावणे आले. मी निघालो तर ती म्हणाली, "तुमी ड्युटीवर जावा. मी एकली जाईन."

भिवंडीबाहेर कधी एकटी न गेलेली बाई गाडीत चढली. मी स्टँडवर थिजून उभा होतो. किरणांचे पुढचे सगळे दिवस ती एकटीच गेली.

आज ती आहे. उपकार डॉक्टरांचे, गुरुजींचे आणि माझे ऐकणे सोडून दिलेल्या सुशीलाचे.