दोनदा परत आलेलं गिऱ्हाईक

माझ्या नणंदबाईंचं कोपऱ्यावर शिवणाचं दुकान आहे. उधारीचा त्यांचा नियम पक्का: दोनदा वेळेवर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला तिसऱ्यांदा डोळे झाकून उधार द्यायचं. आजवर कुणी बुडवलं नाही. हाच नियम त्यांनी मोबाइलवरही लावला.

नव्या मशीनसाठी त्या क्रिप्टोत थोडं थोडं साठवत होत्या. मोबाइलवर भेटलेल्या एका अनोळखी माणसाने दोनदा त्यातलं जरासं व्याजाने मागितलं आणि दोन्ही वेळा ठरल्या दिवशी परत केलं. तिसऱ्यांदा त्याने जवळजवळ सगळंच मागितलं.

"वन्सं, याचं घर कुठे?" मी विचारलं.

"घर कशाला हवं? माणूस शब्दाचा पक्का आहे."

त्यांनी पाठवलं आणि त्याचं खातंच गायब झालं. बँकेत धाव घ्यावी, तर हे पैसे बँकेतून गेलेच नव्हते. पाठवलेलं परत फिरवणारं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वन्सं जुन्या मशीनला तेल घालत म्हणाल्या, "दुकानातल्या गिऱ्हाइकाला रोज याच गल्लीतून जायचं असतं, वहिनी. माझा नियम त्या गल्लीवर चालत होता. मोबाइलमध्ये गल्ली कुठे आहे?"

परवा पुन्हा कुणीतरी थोडं उसनं मागितलं. वन्संनी लिहिलं, "दुकानात या, समोर बसून बोलू." तो काही आला नाही.

आज मी देवापुढे हात जोडून म्हटलं, वन्संचं नवं मशीन लवकर येऊ दे. मागून वन्संचा आवाज आला, "देवाला कशाला कामाला लावताय? या सदऱ्यांची काजं करायला घ्या, म्हणजे येईल."