दरवाज्यापुढचे पाच आठवडे

धडगावच्या जंगल नाक्यावर पावसाळ्यात काम नसे. लाकडाच्या गाड्या बंद, घाटरस्ता चिखलाने बसलेला. रोज सकाळी मी वही उघडून तारीख घालायचो आणि पुढे 'निरंक' लिहायचो. मग दिवस उरायचा.

मी वेंगुर्ल्याकडचा. वडील गेले तेव्हा मराठी पाचवीत होतो, शाळा तिथेच राहिली. नात्यातल्या एका गृहस्थांनी जंगल खात्यात चिकटवून दिलं, आणि खात्याने उचलून सातपुड्यात टाकलं. नोकरी मिळाली याबद्दल मी आजही त्या गृहस्थांचे उपकार मानतो. पण धडगावात लोक आपसांत पावरी बोलत, सपाटीला उतरलं की अहिराणी, आणि माझं कोकणी वळणाचं बोलणं ऐकून दोन्हीकडचे लोक नुसते हसत. कधी कधी आठवडाभर माझ्या तोंडून दहा वाक्यं निघत नसत. मुळात मी घाबरट. गप्प बसलं की मला वाटू लागे, आपल्या हातून काहीतरी मोठं चुकलंय आणि ते आपल्याला कुणी सांगत नाहीये.

माझं जे काही बोलणं होई ते पत्रातून, आणि तेही लढाईबद्दल.

नोकरीवर हजर व्हायला पहिल्यांदा वर चाललो होतो तेव्हा म्हसावदला हिवतापाने आडवा झालो. गाडीवाल्याने मला शाळेच्या ओसरीत उतरवलं आणि तो निघून गेला. तिथल्या मास्तरांनी मला अकरा दिवस सांभाळलं. ओळख ना देख. त्यांच्या बायकोने ज्वारीच्या कण्यांची पेज पाजली. ताप उतरल्यावर मी भिंतीकडे बघत पडून असायचो, तेव्हा मास्तरांनी एक लाकडी पेटी आणली आणि माझ्या घोंगडीवर शिशाची माणसं मांडली. बोटाएवढी. अंगभर लोखंड चढवलेले घोडेस्वार, उंच धनुष्यांचे तिरंदाज, भालेवाले. विलायतेतल्या पाच-सहाशे वर्षांमागच्या लढायांतले. तरुणपणी मास्तर एका गोऱ्या अंमलदाराच्या तंबूवर कारकून होते. तो अंमलदार संध्याकाळी ही माणसं टेबलावर मांडून लढाया खेळायचा. बदली होऊन गेला तेव्हा पेटी आणि नियमांचे कागद मास्तरांना देऊन गेला. मास्तरांनी नियम मराठीत उतरवून काढले, पण खेळायला जोडीदार मिळेना. गावात सांगितलं तर म्हणतील, मास्तर बाहुल्या खेळतो.

"तुले खेळता येई?" त्यांनी मला विचारलं.

"हरलो तर?"

"हरना तर हरना. शिसानं शे. कोनीच मरस नही."

निघताना त्यांनी अर्धी पेटी माझ्या गाठोड्यात घातली. म्हणाले, वर माणूस बोलायचं विसरतो, तेव्हा आठवड्याला एक डाव लिहून पाठवायचा. बोलताना ते मला अरे-तुरे करत. पत्रात मात्र 'तुम्ही', आणि भाषा पुस्तकातली.

मी नाक्यावरच्या एका जुन्या सागवानी फळीवर कोळशाने चौकटी आखल्या. तशाच चौकटी मास्तरांनी त्यांच्या पाटावर आखल्या. माझं सैन्य माझ्याकडे शिशाचं, त्यांचं मी बांबूच्या तुकड्यांचं केलं आणि डोक्यांना चुना लावला. त्यांच्याकडे उलटं, मी मातीचा. शुक्रवारी टपालाचा हलकारा घाट चढून त्यांचं पत्र आणायचा. कोणता माणूस कोणत्या चौकटीत सरकला, फासा किती पडला, माझे कोण मेले. त्याप्रमाणे मी इकडे माणसं हलवायचो, शनिवारी सकाळी माझा डाव टाकायचो आणि हलकारा उत्तर घेऊन उतरायचा. फासा ज्याचा त्याने एकट्याने टाकायचा आणि पडेल तो आकडा लिहायचा. माझ्या पत्रातल्या चुका मास्तर पुढच्या पत्रात तांबड्या शाईने दाखवत. एकदा लिहिलं होतं, "तुमचे घोडे बरे चालतात, वाक्यं फार लांब चालतात." मला त्या तांबड्या शाईचंही अप्रूप होतं.

तर होळीनंतर लढाई सुरू झाली. मास्तर किल्ल्यात, मी बाहेर. जूनच्या अखेरीला माझा चाकांवरचा ओंडका त्यांच्या दरवाज्याला भिडला. नियम सोपा होता. दर डावाला एक फासा, सहा पडले की दरवाजा फुटला. आत त्यांचे मूठभर तिरंदाज उरले होते, बाहेर माझे दहा घोडेस्वार. दरवाजा फुटला की लढाई संपली, हे दोघांनाही दिसत होतं.

त्याच आठवड्यात मास्तरांनी लिहिलं, "नजर मंद झाली आहे. ही आपली शेवटची लढाई. संपली की पेटी मिटतो, पत्रंही थांबतील."

ते पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

पहिल्या शनिवारी चार पडले, चार लिहिले. दुसऱ्या शनिवारी दोन. तिसऱ्या शनिवारी फासा घरंगळत एका घोड्याच्या पायाशी थांबला आणि वर सहा ठिपके. हलकारा दारात बसून भाकर खात होता. मी कागदावर 'तीन' लिहिलं, घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

त्यानंतर मी फासा टाकलाच नाही. आकडे मनाने लिहायचो. दोन. एक. त्याचीही काळजी. सलग दोनदा तोच आकडा लिहिला तर संशय येईल, फार लहान लिहिले तर येईल, म्हणून एकदा पाचही लिहिले. तिकडून मास्तरांचे तिरंदाज तटावरून माझी माणसं टिपत होते, त्यांचे फासे खरे. खोटं मी लिहीत होतो आणि शुक्रवारी पत्र वाचून आडवी करत होतो ती माझीच माणसं. नऊ जण गेले. मला त्यांचं काही वाटत नव्हतं. पत्र येत होतं.

पत्रात मास्तर माझी समजूत घालत. "फासा दमट हवेने फुगला असेल, चुलीजवळ ठेवून पाहा." "नशीब असं एकाच अंगावर फार दिवस झोपत नाही." अक्षर मोठं मोठं होत चाललं होतं, पानावर चार-पाच ओळी. मला वाटलं, मास्तर खुशीत आहेत, मोकळेपणाने लिहितायत.

हलकारा पावराच. बाजारात शिकलेली अहिराणी माझ्याशी बोलायचा. त्याला त्या फळीचं भारी कुतूहल. एका शुक्रवारी दरवाज्याकडे बघून म्हणाला, "अजून फुटना नही? मन्ही बायको लाथ मारीसन फोडी देती."

"फासा पडत नाही," मी म्हणालो.

"तठे मास्तर बी तेच सांगस." त्याने पायांचा चिखल काढता काढता पुढचं सांगितलं, सहज. "मास्तर आते कागद नाकले लाईसन लिखस. बायको रडस. त्याना आंडोर त्याले धुळाले न्यायले उना व्हता, डोळाना डाक्टरकडे. मास्तर गया नही."

आंडोर म्हणजे मुलगा, एवढं मला कळत होतं. "का गेले नाहीत?"

"म्हने, लढाई चालू शे. तो वर एकलाच शे. सरी जाऊ दे, मंग जासू."

मला वाटत होतं की मी त्यांना माझ्यासाठी धरून ठेवलंय आणि त्यांना पत्ता नाही. ते तर माझ्याचसाठी थांबले होते, आणि तिकडे डोळे चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसलो. तीन कागद फाडले. आता मास्तर मला काय समजतील, ज्याला अकरा दिवस पेज पाजली तो असा निघाला म्हणतील, हे एकसारखं डोक्यात. हलकारा दारात खोळंबलेला.

"कितला लिखस? फुटना का दरवाजा?"

"फुटला."

"कव्हय?"

"महिना होऊन गेला."

त्याने वाकून फळीकडे पाहिलं. दरवाजा जागेवर होता. "मंग हाई कसाले उभं शे?"

मी पत्र त्याच्या हातात दिलं. तिसऱ्या शनिवारी सहा पडले होते, त्यानंतरचे आकडे मी मनाने लिहिले, डोळे इतके गेलेत हे मला ठाऊक नव्हतं, धुळ्याला जावं. एवढंच. का केलं ते लिहिलं नाही. लिहिता आलं नाही.

पुढच्या शुक्रवारी उत्तर आलं. अक्षर बोटभर उंच. "तिसऱ्या आठवड्यापासूनचे डाव रद्द. तुमची मेलेली माणसं उभी करा. किल्ला पडला. धुळ्याला जातो."

तांबडी शाई कुठे नव्हती.

मी नऊ माणसं उभी केली. दरवाजा काढून बाजूला ठेवला आणि घोडेस्वार एकेक करून किल्ल्यात नेले. मी आयुष्यात जिंकलेली ती पहिली लढाई. दुपारची वेळ होती, बाहेर धार लागलेली, आणि सांगायला कुणी नाही. नंतरच्या शुक्रवारी हलकारा यायचा, मी विचारायच्या आधीच म्हणायचा, "आज बी कागद नही," तरी थोडा वेळ बसायचा. त्याच्या त्या बसण्याचीही मला आठवण आहे. बाकी वहीत निरंक.

दिवाळीनंतर एका दिवसाची रजा मिळाली. आदल्या दुपारीच निघून पायी घाट उतरलो आणि सकाळी म्हसावदला पोचलो. मास्तर ओट्यावर बसले होते, दोन्ही डोळ्यांवर हिरवं फडकं. शस्त्रक्रिया होऊन आले होते, पट्टी सुटायची होती.

"कोन?"

"मी. नाक्यावरचा."

"पायेच उना?"

"हो."

"बस." मग म्हणाले, "पाच आठवडा तुन्ही कीव करी मी. घरमा सांगे, पोऱ्यानं नशीबच फुटेल शे."

"चुकलं माझं."

"पेटी काढ," ते म्हणाले.

बारा-बारा माणसांची छोटी लढाई मांडली. मास्तर बोटाने चाचपून माणूस ओळखत. धनुष्य लागलं की तिरंदाज, भाला लागला की प्यादा. "दोन्ही फासा तूच टाक," ते म्हणाले. "पन आकडा सांगी ती." ती म्हणजे मास्तरीणबाई. त्या सूप घेऊन बसल्या होत्या, ओशाळल्या. "मले कसाले मधमा घेतस?" तरी प्रत्येक फाशाला सूप बाजूला ठेवून बोटाने ठिपके मोजायच्या आणि आकडा मोठ्याने सांगायच्या. माझे कान तापले होते. मी निमूट टाकत राहिलो.

शहाद्याहून आलेली एक गाडी दुपारी घाटाच्या पायथ्यापर्यंत जाणार होती. ती गाठली नाही तर मला रात्री तिथेच राहायला मिळालं असतं. त्या ओट्यावर, त्या दोघांजवळ. लढाई लांबली तर गाडी चुकणार होती. शेवटी माझा एक घोडेस्वार उरला, समोर त्यांचे तिरंदाज. तीन किंवा वर पडले तर तो तगणार.

मी फासा टाकला आणि तेवढ्यात आत दूध उतू गेलं. मास्तरीणबाई धावल्या.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

मी फाशाकडे पाहिलं. दोनच ठिपके. मास्तर माझ्या दिशेने तोंड करून बसले होते. आतून भांड्याचा आवाज येत होता.

"दोन," मी म्हणालो.

त्यांनी हात पुढे केला, चाचपत घोडेस्वारापर्यंत नेला आणि त्याला आडवं केलं. "मंग ऊठ," म्हणाले. "तुन्ही गाडी निघी जाई."

मास्तरीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी माणसं पेटीत भरत होतो. "किती पडनात?" त्यांनी मला विचारलं.

"दोन," मास्तर म्हणाले.