शिबंदी किती ठेवाल?

माझ्या मुलीने, मुक्ताने, चार वर्षं खपून गड लढवायचा व्हिडिओ गेम केला. आजपासून तो विक्रीला आहे. शेजारच्या काकू कौतुकाने खेळायला बसल्या. पडद्यावर पहिलाच प्रश्न आला, 'शिबंदी किती ठेवाल?'

"कशावर बंदी आहे गं?" काकूंनी विचारलं.

"शिबंदी म्हणजे गडावरचे सैनिक, काकू," मुक्ता म्हणाली.

"असं होय!" म्हणत त्यांनी माउस हळूच बाजूला सरकवला. मुक्ता हसली, पण माझी नजर त्या माउसवरच राहिली. आमच्या घरात हा शब्द मिठासारखा रोजचा झाला होता. तो कोणाला दारातच अडवेल, हे मलाही सुचलं नव्हतं. गडाच्या महादरवाजातसुद्धा वाकून आत शिरण्यापुरतं एक छोटं दार, दिंडी, ठेवतात.

"हा गड कोणाला सहजासहजी घेता यायचा नाही," असं मुक्ता अभिमानाने म्हणायची. आज मला त्या वाक्याचीच धास्ती वाटतेय.