अबोल्याने लावलेली सवय

मानसशास्त्र मी रद्दीतल्या पुस्तकांतून शिकलो, हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे. मुलीला कधी चापटसुद्धा मारली नाही, याचा मला फार अभिमान होता. चांगले मार्क आणले की खरवस, कमी आणले की संध्याकाळपर्यंत अबोला. अगदी शास्त्रशुद्ध! दहावीला शाळेत पहिली आली.

आज सकाळी ठाकुर्ली स्टेशनबाहेर तिची नणंद भेटली. "काका, वहिनी आता सावरलीय हं."

तेव्हा कळलं. गेल्या महिन्यात माझ्या मुलीचं बाळ पोटातच गेलं, तिसऱ्या महिन्यात. दोन दिवस ॲडमिट होती. तिच्या आईला माहीत होतं. मलाच नाही.

तडक आंबिवलीला तिच्या घरी गेलो. "अगं, बापाला सांगायचं नाही?"

चहा गाळता गाळता ती म्हणाली, "बाबा, वाईट काही सांगितलं की तुम्ही बोलायचं बंद करता ना."

रागाने नाही हो, सहज म्हणाली.

माझा घसा असा दाटला की शब्द फुटेना. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, गाळणी खाली ठेवली आणि म्हणाली, "सॉरी बाबा. परत नाही होणार असं."

सव्वीस वर्षांच्या पोरीची ही सवय आता कशी मोडायची? पुस्तकांची नावं नकोत. कुणी मोडली असेल तर सांगा.