सांधा दिसता कामा नये

माझा धाकटा भाऊ भित्रा आहे. हे मी त्याच्या तोंडावर सांगते, मग तुम्हाला सांगायला कसली चोरी? घरात सगळे त्याला ससा म्हणतात. कुत्रं दिसलं की रस्ता बदलतो, लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर येतो आणि खाली पोचल्यावर मलाच विचारतो, "अक्का, बघितला ना मी?" बघितलास रे बाबा, बघितलास!

पण कामाला लागला की हाच माणूस निराळा. आमचं पावडर कोटिंगचं दुकान आहे. लोखंडी खुर्च्या, पलंग, जिन्याचे कठडे असला माल येतो. मी तो आकड्यांना टांगते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. ससा माल घासतो, त्यावर रंगाची पावडर उडवतो आणि भट्टीत भाजतो. वेल्डिंगचे ओबडधोबड फुगवटे त्याच्या डोळ्यांना खुपतात. ग्राइंडरनं ते साफ उडवायचे, खड्डा राहिला तर भट्टीत टिकणारी पुट्टी भरायची, वरून जाड थर द्यायचा. सांधा दिसला तर काम कच्चं, हा आमच्या दुकानाचा कायदा. ससा डोळे मिटून सांध्यावरून बोट फिरवतो, आणि बोट जरा अडलं की सगळं पहिल्यापासून.

अशा माणसाच्या पोटी भिंगरी जन्मली! तिची आई गेली तेव्हा ती रांगत होती, मीच वाढवली. पण भीती कशाशी खातात ते या कार्टीला ठाऊक नाही. मोठी होऊन गॅरेजात कामाला लागली, आणि कुणाच्या तरी आवारात गंजत पडलेली बिनछताची, दोन सीटची स्पोर्ट्स कार उचलून आणून तिनं स्वतःच्या हातानं उभी केली. कशाला, तर शर्यतीत पळवायला. ऐकलं आणि सशाच्या तोंडचं पाणी पळालं. पण पोरीला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही. माझ्याकडे केविलवाणं बघत बसला.

शर्यतवाल्यांचा नियम होता की बिनछताच्या गाडीत सीटच्या मागे पोलादी नळीची कमान हवी. तिला रोल बार म्हणतात. गाडी उलटली तर भार कमानीवर यावा, माणसाच्या डोक्यावर नाही. भिंगरीनं ती एका वेल्डरकडून करून घेतली आणि दुकानात आणून बापापुढे ठेवली.

"बाबा, हिला क्रोम करून आणा. लांबून चकाकली पाहिजे!"

झालं. सशाचं अन्नपाणी तुटलं. क्रोमसाठी तेजाबाच्या टाकीत बुडवतात, त्यानं कडक पोलाद कधीकधी ठिसूळ होतं, असं त्याच्या कानावर आलेलं. तो 'ठिसूळ' शब्द त्याच्या डोक्यातून जाईना. साधा रंग मारावा तर सीटच्या पट्ट्यांनी घासून उडेल, गंज धरेल, गंज नळी खाईल. त्यानं नळीचे तुकडे वेगवेगळ्या रंगांनी रंगवून गच्चीवर टांगले, हातोडीनं ठोकले, मिठाच्या पाण्यात बुडवले. खुर्च्या पडून राहिल्या, गिऱ्हाइकं माझ्या डोक्यावर बसली. शेवटी माझा पारा चढला.

"अरे, एका नळीला रंग द्यायचाय! कुणाला मुलगी द्यायची नाहीये!"

तो म्हणाला, "मुलगीच ठेवायची आहे अक्का, त्या नळीखाली."

मी जाऊन गिऱ्हाइकांना पुढची तारीख दिली.

अखेर काळ्या पावडर कोटिंगवर गाडं थांबलं. भट्टीच्या तापानं पोलादाला काही होत नाही, हे त्यानं दहा जणांना विचारून घेतलं. मग दिवसभर कुणाशी न बोलता कमान केली. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम! भिंगरी आधी क्रोमसाठी फुगून बसली होती, पण कमान बघितली आणि बापाच्या गळ्यातच पडली. गाडी तपासणाऱ्यानंही हात फिरवला आणि वा म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी ससा बघायला जाणार नव्हता. मी दुकान उघडलं, तो कोपऱ्यात स्टुलावर बसून होता. एक बाई खुर्च्या न्यायला आल्या. पाठीच्या नळीवरून हात फिरवत म्हणाल्या, "कमाल आहे हो तुमची, सांधा कुठे आहे तेच कळत नाही!"

मी सशाकडे बघितलं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"अक्का," तो म्हणाला, "मी घासला."

"काय घासलंस?"

"कमानीचा सांधा. वेल्डिंग घासून सपाट केलं गं. सवयीनं. पुट्टी भरली वर. रंगाचाच विचार करत होतो मी, हात आपले चालू होते. अक्का, ते वेल्डिंगच तर धरून ठेवतं सगळं!"

खुर्चीचं ठीक आहे, तिच्यावर फार तर एखादा लठ्ठ पाहुणा बसेल. पण ही कमान! मी भिंगरीला फोन लावला, बंद. बाईंना तसंच उभं ठेवून मी टेम्पोची किल्ली उचलली. ससा माझ्या टेम्पोत एरवी बसत नाही, म्हणतो तू माणसं मारशील. त्या दिवशी छिन्नी-हातोडी मांडीवर घेऊन बसला आणि सगळ्या रस्त्यात एकच घोष, "जोरात चालव, अक्का, जोरात चालव."

पोचलो तर गाड्या सुटलेल्या. भिंगरी दुसरी होती. समोरून सुसाट गेली, मातीच्या उंचवट्यामागे वळली आणि दिसेनाशी झाली. सशानं माझं मनगट धरलं. पहिली गाडी बाहेर आली. मग नुसती धूळ. लोक उभे राहिले. कुणीतरी ओरडलं, "घसरली वाटतं!" देवा, मी हिला भरवलं, न्हाऊ घातलं, हिला काही होऊ देऊ नकोस. आणि त्या धुळीतून ती काळी कमान बाहेर आली. मागची दुसरीच कुठली तरी गाडी घसरली होती.

मी धावत निशाणवाल्याकडे गेले. "थांबवा सगळ्यांना!"

"बाई, तो माणूस ठीक आहे, बाहेर आला तो."

"त्याचं मरू दे! दोन नंबरवरच्या गाडीची कमान फुटकी आहे! निशाण दाखवतोस की मी स्वतः रस्त्यात आडवी पडू?"

मी खरंच कठड्यावर पाय टाकला, तेव्हा कुठे त्यानं लाल निशाण हलवलं.

भिंगरी हेल्मेट काढून तणतणत उतरली. "बाबा, तुम्ही? एवढ्या लोकांसमोर? तुमच्या या भीतीपायी मी किती दिवस..."

ससा सरळ गाडीच्या मागच्या बाजूला गेला. त्यानं कमानीच्या वरच्या सांध्यावर छिन्नी टेकवली आणि हातोडी हाणली. आपल्या हातानं केलेलं ते काम पापुद्र्यासारखं उडालं. खालून पुट्टीचं ढेकूळ निघालं. त्याखाली दोन नळ्यांमध्ये फट होती. वेल्डिंग आत उतरलेलंच नव्हतं, वरचा फुगवटाच काय तो धरून होता, तोही घासलेला. भिंगरीनं फटीत नख घातलं. नख पूर्ण आत गेलं.

"हे कापून नवीन करायचं," ससा म्हणाला. "घासायचं नाही, पुट्टी नाही. आधी सांधे नीट तपासायचे, मग पातळ पांढरा रंग. दिसू दे सगळ्यांना, केवढं वेडंवाकडं आहे ते."

भिंगरी मघाच्या वळणाकडे बघत राहिली. मग तिचे गुडघे लटपटायला लागले आणि ती चाकाला टेकून मातीत बसली. दात वाजत होते पोरीचे. मी आयुष्यात तिला असं बघितलं नव्हतं.

"बाबा, हे काय होतंय मला? हात थांबत नाहीयेत."

ससा तिच्याजवळ बसला. त्याचा आवाज मात्र अगदी शांत होता.

"भीती आहे बेटा ती. हात दाबून धरू नकोस, हलू देत. श्वास हळू सोड. जाते थोड्या वेळानं. मी बसतो तोवर."